कवळीतले बुडबुडे

१

भाच्याने खिशातून रुमाल काढला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर उलगडला, आणि त्यातून एक अख्खी कवळी आत्यांकडे बघून हसायला लागली. वरच्या जबड्याची, गुलाबी हिरडीची. दात इतके देखणे की एखाद्या म्हाताऱ्याला बसवली असती तर तो पुन्हा बोहल्यावर चढायच्या गोष्टी करू लागला असता.

"नापास," भाचा म्हणाला आणि खुर्चीत कोसळला.

आत्यांनी कवळी उचलून खिडकीशी नेली. दातांत काही खोट नव्हती. पण हिरडी जिथे जाड होती तिथे आत बारीक बारीक बुडबुडे दिसत होते, ब्रेडच्या स्लाइसमध्ये असतात तसे. अशी कवळी तोंडात घातली की महिन्याभरात तडकणार, हे कळायला दातांचा कारागीर असण्याची गरज नव्हती.

भाचा मात्र कारागीर होता, आणि चांगला होता. परदेशात येऊन एका डेंटल लॅबमध्ये त्याने उमेदीची वर्षं घातली होती. व्हिसा असा, की त्या एका मालकाकडे काम केलं तरच देशात राहायचं. नोकरी सोडली की बॅगा भरायच्या. या दावणीतून सुटायचा एकच रस्ता होता, तो म्हणजे कायमचं वास्तव्य. त्यासाठी कौशल्याची परीक्षा पास व्हावी लागते. परीक्षक लॅबमध्ये येतात, समोर काम करून घेतात आणि निकाल देतात. शिवाय वयाची अट होती. पंचेचाळीस उलटली की अर्जच घेत नाहीत, आणि भाच्याला या महिन्याच्या शेवटी पंचेचाळीस पुरी होत होती. लेक इथल्या शाळेत लहानाची मोठी झालेली, बायकोने नोकरी सोडून इथे संसार मांडलेला, आणि सगळ्यांचं बूड या एका कवळीवर टेकलेलं.

"घाई केलीस?" आत्यांनी विचारलं.

"तूसुद्धा?" भाचा उसळला. "सगळे तेच म्हणतायत. परीक्षक बाई म्हणाल्या, एकदम उकळत्या पाण्यात घातलंत, मंद आचेवर शिजवलं नाहीत, म्हणून बुडबुडे आले. अगं, कवळीचा मसाला, म्हणजे हिरडीचा प्लास्टिकचा लगदा, मंद पाण्यात रात्रभर शिजवायचा असतो, हे मी झोपेतसुद्धा विसरणार नाही. काल संध्याकाळी त्यांच्यासमोर साच्यात मसाला भरला, साच्याचा डबा बंद केला, मंद गरम पाण्याच्या टाकीत ठेवला. आज सकाळी त्यांच्यासमोर उघडला, तर हे."

आत्या कवळी हातात फिरवत राहिल्या. त्यांनी विमा कंपनीत दावे तपासण्यात हयात घालवली होती. गोदाम आपोआप पेटत नाही आणि ट्रक आपोआप दरीत जात नाही, एवढी अक्कल त्यांना त्या नोकरीने दिली होती. लग्न त्यांनी केलं नव्हतं. आईविना वाढणाऱ्या या भाच्याला त्यांनीच मोठं केलं होतं. त्याला भेटायला म्हणून त्या आल्या होत्या आणि त्यांना आता तळपायापासून राग यायला लागला होता.

"त्या टाकीत तुझा एकट्याचाच डबा होता?"

"नाही. पेशंटांच्या कवळ्यांचे आणखी दोन होते."

"त्या कशा निघाल्या?"

भाचा खुर्चीत सरळ बसला. हा प्रश्न दिवसभरात त्याला कोणी विचारला नव्हता आणि त्यालाही सुचला नव्हता.

"चांगल्या निघाल्या," तो हळूच म्हणाला. "अगदी काचेसारख्या."

"एका टाकीत, एका पाण्यात तीन डबे. दोन शिजले आणि एकच उकळला," आत्या म्हणाल्या. "बाळा, तुझा डबा रात्रभर त्या टाकीत नव्हता. कोणीतरी तो बाहेर काढला होता."

२

संध्याकाळी काका समाचाराला आले. काका म्हणजे लॅबचे फोरमन. नात्यातले कोणाचेच नव्हते, पण गावाकडच्या पोरांना इथे आणणारे, पहिल्या थंडीत अंगावर कोट घालणारे, खोली मिळवून देणारे तेच. स्वतः कधीचे कायमचे रहिवासी झालेले. भाच्याच्या घरात त्यांचा शब्द खाली पडू देत नसत.

"ताई, मला तर घास गेला नाही," काका बसता बसता म्हणाले. "माझ्या हाताखालचा सगळ्यात गुणी पोरगा. त्याच्यासारखं पॉलिश या शहरात कोणाचं नाही."

भाच्याच्या बायकोने, आत्यांच्या सुनेने, कॉफी आणून ठेवली. काकांनी साखरेची बरणी जवळ ओढली, झाकणाशी जरा झटापट केली आणि बरणी परत सरकवून दिली. "नकोच. साखर बंद केलीय मी." कप त्यांनी दोन्ही तळव्यांत धरला आणि फुंकर मारत राहिले.

"काल शेवटी लॅब कोणी बंद केली?" आत्यांनी विचारलं.

काकांनी कप खाली ठेवला. "बोलू नये, पण तुम्ही विचारताय. याला मी लवकर घरी पाठवलं; म्हटलं, उद्या परीक्षेचा निकाल आहे, झोप काढ. मग मीही निघालो. किल्ली पैलवानाला दिली. मागे तो एकटाच होता."

पैलवान म्हणजे भाच्याच्या शेजारच्या बाकावरचा कारागीर. मनगटं लाकूडतोड्यासारखी, म्हणून हे नाव पडलेलं. तोही कायमच्या वास्तव्याच्या रांगेत होता. मालक एका वर्षात एकाच माणसाची शिफारस करतो. यंदा ती भाच्याला मिळाली म्हणून पैलवानाने भर लॅबमध्ये तमाशा केला होता.

"आणि ताई," काका आवाज खाली आणून म्हणाले, "सकाळी डब्याचा क्लॅम्प इतका आवळलेला होता की याच्याने सुटेना. तसा आवळायला पैलवानाचंच मनगट लागतं. मी कोणाचं नाव घेत नाही."

नाव घेऊन झाल्यावर काका निघून गेले. दार लागल्यावर आत्या भाच्याकडे वळल्या. "क्लॅम्पचं मला का नाही सांगितलंस?"

"माझी मती ठिकाणावर होती का?" भाचा म्हणाला. "डबा पितळेचा असतो, दोन भागांचा. तो घट्ट मिटून राहावा म्हणून क्लॅम्पमध्ये धरून वरचा स्क्रू फिरवतात. काल मी हातानेच आवळला होता. सकाळी हलेना. पैलवान आला, त्याच्यानेही हलेना. शेवटी त्याने स्क्रूच्या आडव्या दांडीवर लोखंडी पाइप चढवून सोडवला. आणि हो, डबा ओशट लागत होता. हात सटकत होता."

"ओशट कशाने?"

"मेणाचा पातळ थर होता." भाचा बोलता बोलता थांबला. "आत्या, मंद टाकीत मेण नसतंच. मेण असतं ते दुसऱ्या टाकीत. तिथे साच्यातलं मेण उकळून काढतात. कामाच्या वेळात ती टाकी सतत खळखळत असते, निघताना बंद करतात."

म्हणजे डबा कुठे उकळला ते कळलं. कोणी उकळला हे विचारायला आत्या तोंड उघडणार, तेवढ्यात ओट्याशी उभ्या असलेल्या सुनेच्या हातून बशी पडली. ती खाली बसली आणि पदर नसलेल्या ड्रेसच्या बाहीत तोंड खुपसून रडायला लागली.

"आत्या, हे माझ्यामुळे झालं," ती म्हणाली.

३

भाच्याला आत्यांनी लेकीला क्लासहून आणायला पिटाळलं आणि सुनेला पाणी दिलं.

"आता सांग. तू डबा उकळलास?"

"मला तो डबा ओळखूसुद्धा येणार नाही, आत्या. पण मी परवा म्हटलं होतं की देवा, हा नापास होऊ दे." तिने डोळे पुसले आणि मग एकदम चिडून बोलायला लागली. "मी तिकडे पंधरा वर्षं गणित शिकवलं. इथे मी कोण? याची बायको. तशीच नोंद आहे माझी. बँकेत विचारतात, दवाखान्यात विचारतात, तुमचे मिस्टर काय करतात. काम करायला परवानगी नाही, घरी बोलायला माणूस नाही. मला वाटलं, सुटू दे एकदा हे. आणि मग सकाळी याचं तोंड बघितलं."

आत्यांना तिचा राग आला नाही. ज्या नियमाने शिकलेल्या बाईला कोणाच्या तरी शेपटाला बांधून ठेवलं त्याचा आला.

"मनात येण्याने कवळीत बुडबुडे येत नाहीत," त्या म्हणाल्या. "येत असते तर माझ्या जुन्या साहेबाच्या तोंडात एक दात राहिला नसता. तू आणखी काही लपवतेयस. ते सांग."

"काल मी लॅबवर गेले होते. हा लवकर निघाला आणि चष्मा तिथेच विसरला. फोन केला की चष्मा घेऊन ये, म्हणून मी बाजारातून परस्पर तिकडे गेले. दार आतून बंद होतं. ठोठावलं, कोणी उघडलं नाही. पण आत कोणीतरी होतं, आत्या. दिवा होता आणि खिडकीची काच वाफेने पांढरी फट झाली होती. मी परत आले आणि याला एवढंच सांगितलं की लॅब बंद होती. सकाळी निकाल कळल्यावर सांगायची हिंमत झाली नाही. मला वाटलं, विचारतील की तू तिथे काय करत होतीस, आणि मग माझ्या मनातलं सगळं बाहेर येईल."

भाचा लॅबमधून निघून गेल्यावर मेणाची टाकी पेटलेली होती, दार आतून लावलेलं होतं आणि आतला माणूस ठोठावण्याला ओ देत नव्हता. आता फक्त तो कोण होता एवढंच उरलं होतं, आणि काकांच्या म्हणण्याप्रमाणे तो पैलवान होता.

४

दुसऱ्या दिवशी आत्या भाच्याबरोबर लॅबमध्ये गेल्या. लांबट खोली, भिंतीला लागून बाकं, प्रत्येक बाकावर एक दिवा आणि प्लास्टरचे जबडे. हवेत मसाल्याचा उग्र वास. जबडे असे रांगेने हसत होते की आत्यांना वाटलं, आपल्यालाच हसतायत.

मालक या देशाचाच होता. आत्यांना त्याची भाषा तोडकीमोडकी यायची, पण भांडण्यापुरती पुरेशी. त्याने खांदे उडवले. "वाईट झालं. पण माणूस चुकतो. नवा व्हिसा मिळेपर्यंत राहू दे इथे, मी काढत नाहीये त्याला."

"नवा व्हिसा म्हणजे पुन्हा तुमच्याच दावणीला," आत्या म्हणाल्या. "आणि कायमच्या अर्जाचं वय या महिन्यात संपतंय."

"नियम मी केलेले नाहीत," मालक म्हणाला. मेण कुठलं आणि साबण कुठला हेही या माणसाला कळत नसेल, असं त्याच्या स्वच्छ नखांकडे बघून आत्यांना वाटलं. भाच्याने नंतर सांगितलं की तसंच आहे. मालक बाकांच्या बाजूला फक्त हिशेबाच्या वेळी फिरकतो.

पैलवान आपल्या बाकावर पाठ करून बसला होता.

"या, आत्याबाई," तो मागे न बघता म्हणाला. "मलाच विचारायला आला असाल. सगळ्यांनी ठरवूनच टाकलंय. सकाळपासून एक माणूस माझ्याशी बोललेला नाही."

"किल्ली तुझ्याकडे होती?"

पैलवान गर्रकन वळला. "काकांनी असं सांगितलं? मला किल्ली दिलीच नाही कोणी! तुमच्या भाच्यामागोमाग मला घरी पाठवलं, 'जा रे, मी आवरतो' म्हणाले. मी गेलो. आता बोला! माझं कोण ऐकणार? मी भांडकुदळ, आणि काका म्हणजे देवमाणूस."

"शिफारशीवरून भांडलास ते?"

"भांडलो. आणि पुन्हा भांडेन. सगळ्यांनी वर्षानुवर्षं घासायचं आणि दाराची फट एकासाठीच उघडायची, मग भांडण नाही तर काय होणार? पण मी मालकाशी भांडलो, तुमच्या भाच्याशी नाही. त्याचं काम मी बिघडवेन? मागे बारकीचं झालं तेव्हाही मी रडलो होतो. मी, एवढा मोठा."

"बारकी कोण?"

"होती एक पोरगी. बोटं सोन्याची. परीक्षेच्या सकाळी तिचा तयार जबडा बाकाखाली पडून फुटलेला सापडला. कडेला ठेवला असशील, असं सगळे म्हणाले. तिलाही ते पटलं. गेली परत. आता तिकडे कुठल्या दुकानात चष्म्याच्या फ्रेमा विकते."

आत्यांनी मनात हिशेब मांडला. दोन परीक्षा आणि दोन अपघात. विम्याच्या धंद्यात एकाच गोदामाला दुसऱ्यांदा आग लागली की त्यांना जेवण जात नसे.

"बारकी कोणाच्या बाकाशेजारी बसायची?"

"तुमचा भाचा बसतो तिथेच. काकांच्या शेजारी."

तेवढ्यात चहाची सुट्टी झाली. कोपऱ्यातल्या टेबलावर किटली आणि उघड्या वाडग्यात साखर होती. काका आले, आत्यांना नमस्कार केला आणि बोलता बोलता चहात साखर घातली. एक चमचा, दुसरा चमचा आणि वर आणखी थोडी. मग कप दोन्ही तळव्यांत धरून पिऊ लागले. आत्या त्या वाडग्याकडे बघत राहिल्या आणि त्यांचा स्वतःचा चहा तसाच निवला.

५

"बाळा," आत्यांनी भाच्याला बाहेर जिन्यात घेतलं. "खरं सांग. काकांचं काम कोण करतं?"

भाचा गोरामोरा झाला. "तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. काल त्यांनी साखर सोडली होती, कारण आपल्या बरणीचं झाकण घट्ट होतं. आज वाडगा उघडा होता, तर साखर गोड लागली. त्यांचे अंगठे गेलेत."

भाच्याने मान खाली घातली. "संधिवात. किती वर्षं झाली. बारीक काम होतच नाही त्यांच्याने. मी माझं आटोपून त्यांचं करतो, त्यांच्या नावावर. मालकाला कळलं तर काढून टाकेल म्हणून मला शपथ घातली होती. आत्या, त्यांनी मला इथे आणलं. एवढं तरी…"

"आणि तुझ्या आधी बारकी करायची."

भाच्याला हे माहीत नव्हतं. पण आत्यांनी म्हटल्याबरोबर त्याच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जागेवर बसताना दिसली. तो भिंतीला टेकला आणि मग तिथेच पायरीवर बसला.

"उठ," आत्या म्हणाल्या. "परीक्षक बाईंना फोन लाव. विचार, कामात दुसऱ्याने हात घातला असेल तर परीक्षा पुन्हा होते का."

बाईंचं उत्तर सरळ होतं. होते, पण संशयावर नाही. ज्याने केलं त्याने स्वतःच्या तोंडाने त्यांना सांगायला हवं. तसं झालं तर महिना संपायच्या आत त्या तारीख देतील.

आत्या आत गेल्या. "सगळे इकडे या," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज असा लागला की मालकही खोलीतून बाहेर आला. "कालचा क्लॅम्प कुठाय?"

भाच्याने क्लॅम्प आणून बाकावर ठेवला.

"पैलवाना, यात एक डबा धर आणि आवळ. रोज आवळतोस तसा."

पैलवानाने डबा ठेवला आणि आडवी दांडी दोन बोटांनी फिरवली. एका जागी येऊन तो आपोआप थांबला.

"बस? एवढ्यातच?"

"आणखी आवळलं तर साचा दबतो, दात हलतात," पैलवान म्हणाला. "किती आवळायचं ते बोटांना कळतं."

"ऐकलंत?" आत्या सगळ्यांकडे वळल्या. "काल सगळे म्हणाले, इतका घट्ट आवळला म्हणजे पैलवानच. अरे, ज्याच्या बोटांना कळतं तो इतका आवळेलच कशाला? भलता आवळतो तो, ज्याच्या बोटांना काही कळत नाही. बोटात जोर नाही म्हणून दांडीवर पाइप चढवून जो फिरवतो, तो. आता ही दांडी बघा. हीसुद्धा पितळेची, आणि तिच्यावर दोन ताजे वण आहेत. काल सकाळी पाइप घालून क्लॅम्प सोडवला, त्याचा वण या अंगाला. आणि हा दुसरा उलट्या अंगाला. हा सोडवताना पडूच शकत नाही. हा आवळताना पडलाय. म्हणजे आदल्या संध्याकाळी."

पलीकडे मेणाची टाकी खळखळत होती.

"भाच्याचा डबा या टाकीत उकळला," आत्या म्हणाल्या. "त्यावर मेण होतं, आणि वाफ माझ्या सुनेने डोळ्यांनी बघितलीय. मग तो परत मंद टाकीत ठेवला. पण उकळून ढिला झालेला क्लॅम्प ठेवताना पुन्हा आवळला का? ज्याला काम नासवायचंच आहे त्याला काय फरक पडतो? मालकांनी केलं असतं तर तसाच टाकला असता, त्यांना आवळायचं असतं हेच माहीत नाही. सुनेलाही नाही. हा माणूस कारागीर आहे. आयुष्यभर उकळत्या पाण्यातून डबा काढला की आवळायचा, ही सवय अंगात मुरलेली. दुसऱ्याचा जन्म नासवताना त्याचं मन कचरलं नाही, पण ढिला डबा पाण्यात सोडणं त्याच्याने झालं नाही. काम येतं आणि बोटं चालत नाहीत, असा इथे एकच माणूस आहे. काका, पाइप तुम्ही घातलात."

काकांनी हसायचा प्रयत्न केला. मग त्यांनी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले, आणि ते बघूनच सगळ्यांना उत्तर मिळालं.

६

"मी काय करायला हवं होतं?" काका शेवटी म्हणाले. आवाज रडका नव्हता, चिडलेला होता. "हा पास झाला असता की दुसऱ्या महिन्यात सोडून गेला असता. सगळे जातात! मी आणायचं, मी शिकवायचं, आणि कागद हातात पडला की टाटा. मागे मी काय करणार? मालकाला कळलं असतं की याचे हात गेले, तर या वयात मला कोण उभं करणार होतं? तिकडे माझं घर राहिलेलं नाही, माणूस राहिलेलं नाही. माझं सगळं इथे आहे."

"आणि बारकी?" पैलवानाने विचारलं.

काकांनी तोंड फिरवलं. पैलवान दोन पावलं पुढे आला आणि भाच्याने त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला अडवलं.

मराठीत काय चाललंय ते मालकाला कळत नव्हतं. भाच्याने त्याला थोडक्यात सांगितलं. काकांच्या हातांचंही सांगितलं, आता शपथ कसली. मालकाने ऐकलं आणि काकांकडे नवलाने बघितलं.

"याचे हात गेलेत हे मला माहीतच आहे," तो म्हणाला. "कधीपासून. लपतं का असलं काही? हा पोरं आणतो, पोरं याचंही काम करतात, माल वेळेवर जातो. मी कशाला बोलू?"

भाच्याने हे मराठीत सांगायची गरज नव्हती. काकांना इथली भाषा उत्तम येत होती. ते जवळच्या स्टुलावर बसले, आणि प्रथमच त्यांनी हात खिशातून काढून मांडीवर उघडे ठेवले. अंगठ्यांचे सांधे गाठाळलेले होते. ज्या गोष्टीसाठी दोन संसार उठवले ती गोष्ट लपवायची कधी गरजच नव्हती, हे त्यांच्या डोक्यात शिरत होतं.

आत्यांना दया यायला हवी होती, ती आली नाही. त्यांना मालकाचाही राग आला, काकांपेक्षा कांकणभर जास्तच. माणसांना एका बाकाला बांधून ठेवायचं, भीतीने ती एकमेकांचे गळे धरतात ते खुर्चीत बसून बघायचं आणि वर नियम मी केलेले नाहीत म्हणायचं. पण मालकाला शिव्या घालण्याइतकी त्याची भाषा त्यांना येत नव्हती, म्हणून त्यांनी त्या मराठीत घातल्या. अर्थ त्याला पोचला असावा, कारण तो खोलीत गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

"फोन लावा," आत्या काकांना म्हणाल्या. "परीक्षक बाईंना. आत्ता, माझ्यासमोर."

"ताई, त्या वर कळवतील. माझी फोरमनकी जाईल. चौकशी होईल."

"होऊ दे."

काकांनी भाच्याकडे बघितलं. भाच्याचे डोळे भरलेले होते, पण त्याने नजर फिरवली नाही आणि मानही हलवली नाही. काकांनी फोन लावला. जे केलं ते सगळं त्यांनी सांगितलं, पाइपसकट. पलीकडे बाईंनी सगळं लिहून घेतलं. मग त्यांनी भाच्याला फोन द्यायला सांगितलं, पुढच्या आठवड्यातली तारीख दिली आणि बजावलं की या वेळी डबा त्यांच्या सीलमध्ये राहील आणि लॅबची किल्ली त्यांच्याकडे.

भाचा फोन ठेवून बाकावर डोकं टेकून बसला. पैलवानाने त्याच्या पाठीवर थाप मारली, ती इतकी जोरात की बाकावरचे दोन जबडे आडवे झाले. खोलीत कोणीतरी हसलं. काका उठले आणि कोट घालायला लागले. बटणं लागेनात, तसाच उघडा ठेवून ते दाराकडे निघाले.

"थांबा," आत्या म्हणाल्या. "अजून एक फोन राहिला."

काकांना कळलं. "ताई, तिचं काय आता? तिचा व्हिसा कधीच संपला. काही होणार नाही त्याने."

"लावा."

नंबर पैलवानाकडे होता. त्याने लावून फोन बाकावर ठेवला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला. घंटी वाजत राहिली. मग एक पातळ आवाज आला, मागे दुकानातली गडबड.

"हॅलो? कोण?"

"मी… काका बोलतोय."

"काका!" पोरगी एकदम ओरडलीच. "अहो, किती दिवसांनी! बरे आहात ना? मीच करणार होते फोन, पण धीर होत नव्हता. काका, तो जबडा मी असा कडेला ठेवायला नको होता हो. तुम्ही माझ्यासाठी एवढी खटपट केलीत, आणि मी तुम्हाला तोंडघशी पाडलं. मला माफ केलंत ना?"

काकांनी आत्यांकडे बघितलं. आत्यांनी फोन उचलून त्यांच्या तोंडाजवळ नेला.

"सांगा तिला," त्या म्हणाल्या.